कमलबाईंची शमादाने

मी, अंकुश मारोती सोनकांबळे, वय शहात्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार भालकी, हा कागद स्वतः लिहीत आहे. बुद्धी स्थिर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ सध्या कोणी राहत नाही.

एक. २०१८ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे काही मुलगा बुद्धरत्न याला दिले होते. त्याने मागितले नव्हते. तो कागद टेबलाच्या खणात आहे, तो नष्ट करावा.

दोन. बसस्थानकामागचे तीन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव बुद्धरत्न आणि मुलगी रेणुका यांना निम्मी निम्मी. हे बुद्धरत्नला पुण्याला फोन करून कळवले. तो म्हणाला, "अप्पा, हे तवाच करायचं होतं."

तीन. पुस्तके कोहिनूर गावच्या शाळेला. तिथे मी पहिला तास घेतला होता. वाळवी लागलेली देऊ नयेत.

चार. बांबूची शिडी शेजारी हावगेप्पा यांच्याकडे अकरा वर्षे आहे. ती त्यांना देण्याचा विचार होता. पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील सांगतात. तेव्हा शिडी माझीच आहे आणि राहील त्यांच्याकडेच.

पाच. बिदरी, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची वेल जडवलेल्या, शमादानांची जोडी. शमादान हा दुकानदाराचा शब्द. आमच्या घरात नुसते मेणबत्तीचे स्टँड. माझी दिवंगत पत्नी कमलबाई हिने बीदरला ती निवडली. मी उंच, नाजूक जोडी पुढे केली होती. तिने एकेक उचलून वजन पाहिले, बुडाला बोट लावून हलवून पाहिले आणि ही ठेंगणी, रुंद बुडाची घेतली. म्हणाली, "उभं कसं दिसतंय ते कुणीबी बघंल. पडंल का ते बघा." तीस वर्षे वंदनेला बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हीच होती. एकदाही पडली नाहीत.

कमलबाई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, सकाळी रेणुकाने, आईसाठी घर लखलखीत असावे म्हणून, पितळेची भांडी घासावीत तसे त्यातले एक स्टँड चिंच आणि राखेने घासले. काळा रंग गेला. चांदीची वेल फिकट जस्तात दिसेनाशी झाली. पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "आईचा हात पुसून टाकलीस." तिने चिंच खाली ठेवली. त्यानंतर या घरातल्या कुठल्या वस्तूला तिने हात लावला नाही. पौर्णिमेला सकाळच्या बसने येते, मागे बसून वंदना म्हणते, संध्याकाळी उदगीरला परत जाते.

दोन महिन्यांनी मी मृत्युपत्र केले. वकिलांनी साक्षीदाराचा कायदा सांगितला, तेव्हा मी म्हणालो, मग रेणुकाचीच सही घेऊ. तिला काही देत नव्हतोच. ते तिच्या हातून पक्के व्हावे, असे वाटले. तिने न वाचता सही केली. बापाचा कागद काय वाचायचा, म्हणाली.

गेल्या महिन्यात ते स्टँड घेऊन मी बीदरला गेलो. कारागिराने ते उलटेपालटे करून पाहिले आणि हसला. किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात उकळून त्याने त्यात ते बुडवले. माझा चहा संपायच्या आत काळे झाले. वेल जिथल्या तिथे होती. सात वर्षांचा दुरावा, आणि काम एका चहाचे.

ही जोडी रेणुकाला. ती फोडू नये. चिंच, राख, पावडर लावू नये. सांडलेले मेण चाकूने खरवडू नये. स्टँड थोडा वेळ उन्हात ठेवावे, मेण मऊ झाले की फडक्याने निघते. वर खोबरेल तेलाचा एक थेंब. पडदा आणि पंखा यांपासून दूर. मेणबत्ती सैल बसली तर बुडाला कागद गुंडाळावा, पण बोटभर उरताच विझवावी. लाइट गेल्यावर स्वयंपाकघरात स्टीलचेच वापरावे.

सहा. हे कलम आत्ताच लिहीत आहे. आज बुद्ध पौर्णिमा. रेणुका आली आहे. साक्षीदार बसलेले पाहून तिने आपल्या पिशवीतले पेन काढले.

"सही कुठं करू, अप्पा?"

"तू करायची न्हाईस."

"कामून?"

मी जुनी सही का घेतली होती ते तिला सांगितले. साक्षीदारांसमोरच सांगितले, कारण तो शब्दही पाहुण्यांसमोर गेला होता. हावगेप्पा शिडीबद्दल एक विनोद करू पाहत होते, तो राहिला. मग ती उठून तसबिरीपाशी गेली. तिने स्टँडमधली मेणबत्ती बोट लावून हलवून पाहिली.

"मेणबत्ती सैल बसायलीय," ती म्हणाली. "कागद द्या."

मी खण उघडून २०१८ चा कागद दिला. तिने आपली सही असलेली कड फाडली, गुंडाळली आणि मेणबत्ती बसवली.

कलम एक अमलात आले.

लिहून देणार: अंकुश मारोती सोनकांबळे

लिहून देणार यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. हावगेप्पा, शेजारी
२. गुरुपादय्या, निवृत्त शिक्षक

भालकी, १२ मे २०२५. दोन्ही मेणबत्त्या लागलेल्या असताना.