एकोणतीस नंबरची गाडी

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्या शेवटच्या वयापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी आहे. तरी तुम्हाला लिहायचं म्हटल्यावर आधी हात धुतले, पाठ सरळ केली आणि ओळ खाली उतरत नाही ना ते दोनदा बघितलं. घरात कुणाला मोटारींच्या शर्यतींबद्दल सांगितलं तर हसतात. कल्याणला कसल्या शर्यती, आजी, तुला स्वप्न पडलं असेल, म्हणतात. ती धावपट्टी, तो धुरळा आणि खुर्चीवर उभे राहून आकडे ओरडणारे तुम्ही, हे आठवणारी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहिते. एरवी इतक्या वर्षांत लिहायचं धाडस झालं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. दिवाळीनंतर तुमचा एक जुना विद्यार्थी आपल्या पारनाक्याच्या बिऱ्हाडी आला. तुम्ही ठाण्याला शिकवत होतात तेव्हाचा, कोपरीतला. मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाकडून त्याने बसकी, टप नसलेली दोन माणसांची गाडी घेतली होती. ती नुसती मोडकळीस आलेली होती, पण त्याने आणि त्याच्या भावाने वर्षभर खपून ती उभी केली, वर लाल रंग दिला. असल्याच गाड्यांच्या हौशी लोकांचा मुंबईत एक क्लब होता आणि कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या वाटेवर, लढाईत बांधलेल्या विमानांच्या ओसाड धावपट्टीवर त्यांनी होळीपर्यंत दर दुसऱ्या रविवारी शर्यती ठरवल्या होत्या. "मास्तर, फेऱ्या मोजायला माणूस हवाय," तो म्हणाला. "मी सांगितलं, आमच्या मास्तरांचं गणित कधी चुकलेलं नाही. शाळेचं घड्याळ पण आहे तुमच्याकडे, सेकंदांचं." तुम्ही पानाला चुना लावत बसलात. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "लिहायला ही येईल." मी वीस वर्षांची होते, ट्रेनिंग करून नेमणुकीची वाट बघत घरी बसले होते. आई आतून म्हणाली, "लग्नाची मुलगी त्या धुळीत काळी करून आणा." पण तिने दोघांच्या भाकऱ्या मात्र बांधून दिल्या.

आपली पद्धत तुम्हीच बसवलीत. तुम्ही खुर्चीवर उभे राहून गाडीच्या दारावरचा नंबर वाचायचा आणि ओरडायचा. मी खाली टेबलाशी, मान वर न करता, तो कागदावर उतरवायचा. "डोळे माझे, हात तुझा. दोघांनी दोन्ही कामं केली की घोळ होतो." क्लबचे सेक्रेटरी सज्जन गृहस्थ. नंबर इंग्रजीत ओरडावेत असं त्यांचं म्हणणं. तुम्ही ऐकलं नाहीत. "घाईत माणूस आपल्याच भाषेत मोजतो," म्हणालात आणि सगळ्यांदेखत मला विचारलंत, "काय ग?" मी मान डोलावली. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता तुमचा, काय सांगू.

त्या रविवारांइतकं सुख मला पुढे फारसं मिळालं नाही, अण्णा. लग्नात नाही, मुलं झाल्यावरही नाही. अजून मला ते जसंच्या तसं दिसतं. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना लोक उभे आहेत, पेट्रोलचा वास डोक्यात चढतो आहे, आणि गाड्या वळणावरून एकदम अंगावर येतात तेव्हा टेबल थरथरतं. तुम्ही ओरडता, "बारा! सत्तावीस! एकोणतीस!" मी लिहिते. एकोणतीस म्हणजे आपल्या कोपरीकराची लाल गाडी. तिचा नंबर ओरडताना तुमचा आवाज जरासा चढतो, ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. माझ्या टेबलाच्याही पुढे, पार वळणापाशी, वाळूच्या बादल्या घेऊन तिथल्याच गावचा एक माणूस उभा केलेला असे. लढाईत सरकारने धावपट्टीसाठी त्याची जमीन घेतली होती. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, "बाय, ही गारी धावते ना, तिचे खाली माझा शेत हाय." रागाने नाही, नुसतं माहीत असावं म्हणून सांगितल्यासारखं. मी त्याला भाकरी दिली.

शेवटच्या रविवारी आपल्या शाळेचे हेडमास्तर आणि दोन शिक्षक मुद्दाम बघायला आले होते. तीनच दिवसांपूर्वी माझा नेमणुकीचा हुकूम आला होता, तुमच्याच शाळेत, पहिलीच्या वर्गावर. हेडमास्तर टेबलाशी येऊन "काय बाई!" म्हणाले आणि मी पार लाजले. बाई म्हणून मला कुणी पहिल्यांदाच हाक मारली होती. शर्यत वीस फेऱ्यांची. मोसमाची ढाल या शर्यतीवर ठरायची होती. चौदाव्या फेरीला गाड्या घोळक्याने आल्या, तुम्ही एका दमात पाच नंबर ओरडलात आणि मी भराभर लिहिले. शेवटी लाल गाडी सगळ्यांच्या पुढे आली, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि माझा कागद सांगत होता की तिची अजून एक फेरी बाकी आहे.

कोपरीकर घामाने निथळत आला. "मास्तर, माझ्या वीस झाल्या." तुम्ही कागद हातात धरून त्याला म्हणालात, "डोळे फसतात रे बाबा, कागद फसत नाही." तुमचाच विद्यार्थी, पण तुम्ही एका फेरीची सूट दिली नाहीत. त्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात एकोणचाळीस नंबरचा जाडा मालक हसत हसत आला. "मास्तर, मी अकराव्या फेरीपासून बॉनेट उघडून पाणी ओततोय. मला ही चौदावी फेरी कुणी बक्षीस दिली?" आणि खरंच, चौदाव्या ओळीत माझ्या अक्षरात एकोणचाळीस लिहिलेला होता. जी गाडी सगळ्यांसमोर वाफा सोडत उभी होती, तिच्या नावावर मी फेरी लावली होती.

ही कसली चूक ते तुम्हाला सांगायला नको. पहिलीतली निम्मी मुलं तीच करतात. एकोणतीस ऐकतात, कानात तीस राहतं, पाटीवर तीन काढतात आणि मग एकोणचा नऊ त्याच्यापुढे चिकटवतात. "एकोण म्हणजे एक उणा. तिसाच्या दारात जायचं आणि एक पायरी खाली उतरायचं," असं तुम्ही मला सहाव्या वर्षी शिकवलंत, आणि तेव्हा या चुकीपायी कानही पिळलात. मी नंबर स्वच्छ ऐकला होता. एकोणतीस. हात घाईत होता, बाई म्हटल्याचा आनंद डोक्यात होता, आणि मी तिसाच्या दारात जाऊन तिथेच थांबले.

तुम्ही खुर्चीवरून उतरलात. हेडमास्तर तिथे होते, सेक्रेटरी होते, कोपरीकर होता. तुम्ही अगदी हळू विचारलंत, "तुला काय ऐकू आलं ग?" आणि मी म्हणाले, "अण्णा, आवाज नीट पोचला नाही. शेवट ऐकूच आला नाही."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि मग सगळ्यांकडे वळून म्हणालात, "चूक माझी आहे. आवाज पडला माझा." कुणाचंच काही बिघडलं नाही. कागद दुरुस्त झाला, कोपरीकराला ढाल मिळाली, तो तुमच्या पाया पडला. सेक्रेटरी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्टरजी, कोई बात नहीं. अगले साल इंग्लिश में करेंगे, कोई जवान आदमी रख लेंगे." सगळे हसले, मीसुद्धा. परतीच्या लॉरीत तुम्ही घड्याळ फडक्यात गुंडाळून कल्याण येईपर्यंत मांडीवर धरून बसला होतात.

नंतर जे झालं ते मी रोज शेजारी उभी राहून बघितलं, कारण आता मी तुमच्याच शाळेत होते. शाळा सुटण्यापूर्वी सगळे वर्ग ओसरीवर बसायचे आणि तुम्ही परवचा घ्यायचात. तुम्ही पाढा सांगायचा, दोनशे मुलांनी मागून म्हणायचा. दुधनाक्यापर्यंत ऐकू जातो म्हणत लोक. होळीनंतरच्या आठवड्यात तुम्ही हेडमास्तरांना सांगितलंत की माझा आवाज आता पोचत नाही, परवचा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी समजूत काढली, पण तुम्ही हटून बसलात. एका तरुण मास्तरांना तो दिला. त्यांना पावकीचा पाढा धड येत नव्हता. तुम्ही ओसरीच्या खांबाशी गप्प उभे असायचात, ओठ हलायचे. घरी ज्येष्ठमध चघळायचात, हळदीच्या गुळण्या करायचात. कसलंही दुखणं नसलेला गळा तुम्ही औषधांनी झाकत राहिलात. आणि वाक्य संपलं की आईला, मला, दूधवाल्याला, सगळ्यांना विचारायचात, "ऐकू आलं ना?" न वापरलेला आवाज हळूहळू खरोखरच बसला. दोन वर्षांत तुम्हाला जवळ जाऊन ऐकावं लागायचं. माझ्या एका वाक्याने हे झालं, आणि मी रोज तुम्हाला गळ्यासाठी मध चाटवत होते. माझी मला शिसारी येते.

मी चौतीस वर्षं पहिलीला शिकवलं. चांगली बाई म्हणून माझं नाव झालं. पण एकोणतीसचा एकोणचाळीस लिहिणाऱ्या एका मुलीच्या हातावर मी इतक्या जोरात पट्टी मारली की तिची आई भांडायला आली. तिला काय सांगणार होते? "मुलं घाई करतात," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मग सावकाश शिकवा की." बरोबरच बोलली.

तुमच्या शेवटच्या वर्षी, तापाने अंथरुणाला खिळला होतात तेव्हा, तो बादल्यांवरचा माणूस आपल्याकडे आला होता. बाजाराला आला होता, कुणीतरी त्याला सांगितलं मास्तर आजारी आहेत. येताना वांगी घेऊन आला. जमिनीवर बसला आणि त्या रविवारांच्या गोष्टी काढल्या. तुम्ही काहीतरी पुटपुटलात, त्याला कळलं नाही, म्हणून मी सांगितलं, "म्हणतायत, तेव्हाच आवाज बसला होता." तो हसला. "काय सांगताव गुरुजी! तुमचा आवाज मना पार वलनावर आयकू येवाचा. शेवटचे आयतवारी पन. एकोनतीस, एकोनतीस, मी पन तुमचे मागं मोजत व्हतू."

वळण माझ्या टेबलापासून आणखी दोनशे पावलं पुढे होतं, अण्णा. ते अंतर तुम्हाला माहीत होतं. धावपट्टीवर खुणेचे खांब रोवायच्या वेळी तुम्हीच पावलं मोजली होतीत.

तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे कळलं की तुम्ही थांबायचात, तसे थांबलात. मी उभी राहिले, "चहा टाकते," म्हणाले आणि आत गेले. चहा उकळून उतू गेला तरी मी आतच होते. बाहेर आले तेव्हा तो माणूस जायला निघाला होता आणि तुम्ही डोळे मिटले होते. त्यानंतर बारा दिवस तुम्ही होतात. एकदाही विचारलं नाहीत.

तुम्ही विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला आयुष्यभर बजावत आले. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, पण मनाशी हे एक वाक्य पक्कं धरून ठेवलं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कुणाला वाचायला द्यायचं नाही; तेव्हा इथे तरी खरं लिहिते. चहा उतू जात होता तेव्हा मी आत उभी राहून एकच ठरवत होते, की तुम्ही विचारलंत तर काय म्हणायचं. आणि मी ठरवलं होतं, ऐकू आलं नव्हतं असंच म्हणायचं.