पायांतली तगमग

३ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण हल्ली एका जागी बसवत नाही. दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं की पाय उठ उठ म्हणतात. दारापर्यंत जाते, परत येते, पुन्हा तेच. आई शेवटी अशाच फेऱ्या घालायची. डोकं बिघडायची ही सुरुवातच असणार.

लोकांची घड्याळं माझ्या हातून बिघडण्याआधी दुकान विकायचं ठरवलंय. घेणारा मिळालाय. तू ओरडशील, म्हणून आधीच कळवते. बाकी ठीक. लोभ आहेच, तो असू दे.

तुझी,
धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

ओरडतेच आहे. कशावरही सही करायची नाही. जन्मभर नर्सिंग कॉलेजात औषधं शिकवली, आणि सख्खी बहीण मला ‘बाकी ठीक’ लिहिते. आईला आपण कुठे निघालो तेच आठवत नसे. तुला कुठे जायचंच नाही, नुसतं बसवत नाही. हे दुखणं वेगळं आहे. कोणत्या गोळ्या घेतेस ते उलट टपाली कळव. यजमानांचं मत नको, गोळ्यांची नावं हवीत.

तुझी,
ताई

९ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पित्ताची सकाळी, शिंकांची रात्री, त्या जुन्याच. शिवाय मळमळीची. पोट बिघडलं होतं तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस दिली होती. गुण आला, म्हणून मीच आणत राहिले. तगमग वाढली की पोटात ढवळतं, मग आणखी एक घेते. त्या गोळीचं पाकीट सोबत पाठवते. हे म्हणतात, तू रिकामं डोकं घेऊन बसतेस. बसते कुठे? सह्या पुढच्या सोमवारी आहेत. शब्द दिलाय गं.

तुझी,
धाकटी

१२ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

चोर सापडला. मळमळीची ही गोळी एखाद्याच्या पायांना भिंगरी लावते. तू ती आणखी घेऊन आगीत तेल ओतलंस. आता एकही घेऊ नकोस आणि पत्र वाचून होताच डॉक्टरांकडे जा. ‘जीव घाबरतो’ असं मोघम सांगू नकोस, ‘बसवत नाही’ म्हण, आणि औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणत राहिलीस तेही कबूल कर. दिलेला शब्द परत घेता येतो. गेलेलं दुकान येत नाही.

काळजीत,
ताई

२१ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि मला चांगलंच झापलं. तुमची एकच शाळा दिसते. पहिले दोन दिवस काही फरक नव्हता, तेव्हा मनातल्या मनात तुला बरंच बोलून घेतलं.

सोमवारी तो गृहस्थ कागद घेऊन आला. मी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून होते. तो खोकला, कागद वाजवले, खुर्ची सरकवली. मला सगळं ऐकू येत होतं, पण मान वर करायला सवड नव्हती. शेवटी तो ह्यांना म्हणाला, बाईंना आज वेळ दिसत नाही. हे म्हणाले, आज नाही आणि उद्याही नाही, तिला काम आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी