एकट्याची हरकत

ओहायो,
सोमवार, १९ ऑक्टोबर १९९२

प्रिय लीवाय,

देवाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल, तुम्हीही असाल. मक्याची कापणी उरकली. म्हातारी घोडी लंगडते, पण नांगराला अजून चालते.

गेल्या मंगळवारी पहाटे मी तुझ्या लोविनावहिनीच्या हातातली बादली घेतली आणि तिच्या वाट्याच्या गाईंची धारही मीच काढली.

"आज काय, माझा वाढदिवस?" ती म्हणाली.

"तुझ्या हातून सड सुटतोय."

"सड कसला, बोटंच सुटतात. झोपताना तर ती माझी नसतातच."

"कधीपासून?"

"तू सभेत नाही म्हणायला लागलास, तेव्हापासून धर," म्हणाली आणि हसली. टोमणा मारताना तिचा आवाजसुद्धा चढत नाही.

आपल्या आमिश मंडळीत प्रभुभोजनाआधी सभेत एकेकाला विचारतात, आणि एकाचीही हरकत असली तर नवी गोष्ट येत नाही. दूध काढायच्या यंत्राला हरकत माझीच होती. त्यावरूनच तू मंडळी सोडून न्यूयॉर्क राज्यात शेती करायला गेलास. तू लिहितोस, यंत्रावर तू एकटा चौघांचं काम करतोस. करत असशील. मी विचारायचो, मग उरलेल्या तिघांनी काय करायचं? यंत्राचा खर्च निघायला गाई वाढवायच्या, गाईंसाठी जमीन वाढवायची, आणि ती जमीन कुणाची, तर शेजाऱ्याची. हे मला आजही खरं वाटतं.

पण त्याखाली आणखी एक होतं. दिवसभर मी शेतात, ती घरात, जेवायला सगळं खटलं. आम्ही दोघं बोलतो ते दोन गाईंच्या आड बसून, धार काढताना, तेवढंच. तुझ्या यंत्राने तेही गेलं असतं. ते मी राखलं आणि त्याला धर्म म्हटलं. बोटं मात्र तिची गेली.

काल सभेत बिशप एझ्रांनी विचारलं, "ईनस, यंदाही?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "चला, आता याचं भाषण, यंदाही जेवायला संध्याकाळ."

बायकांच्या बाजूला लोविना मान खाली घालून बसली होती. मी उभा राहिलो. म्हटलं, माझी हरकत नाही. जी होती ती देवासाठी नव्हती, माझ्यासाठी होती, आणि त्या हरकतीपायी माझा भाऊ दुरावला.

तू म्हणू देशील तर,
तुझा थोरला भाऊ
ईनस