भरिताची कार्यक्रमपत्रिका

२० नोव्हेंबर १९८८, रविवार
डॉक्टरांनी रक्तदाब मोजला व तोंड वाकडे केले. म्हणाले, "नाना, विश्रांती घ्या. जरा आनंदात राहा." कशी घ्यावयाची व कशात राहावयाचे, याचा खुलासा नाही. वैद्यकीय व्यवसायात मोघमपणा फार वाढला आहे.
संकल्प : यापुढे दर रविवारी रजा. दैनिकाचा मुख्य मुद्रितशोधक म्हणून तीन तपे झाली. निवृत्तीनंतरही मालक अभयकुमार शेठ मला सोडावयास तयार नाहीत. यातच सर्व आले.
ही वही कोणी वाचणार नाही. तथापि ऱ्हस्वदीर्घात सवलत नाही.

२१ नोव्हेंबर
सौ. सुनंदास संकल्प कळविला. ती हरखली. तिचा भाऊ जीवराम भादलीच्या शेतातील वांगी यंदा काढून टाकणार आणि तेथे केळी लावणार. म्हणाली, "माहेरच्या त्या बांधावर एकदा पोटभर भरीत खायचंय. पुढच्या वर्षी कुठलं वांगं अन् कुठलं काय!"
मान्य. येता रविवार निश्चित.

२६ नोव्हेंबर, शनिवार
कार्यक्रमपत्रिका तयार. स्वागत, प्रास्ताविक, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणे, लाकडी बडजीत ठेचणे, सामूहिक आनंद, भोजन, वामकुक्षी, आभारप्रदर्शन.
सौ.ने विचारले, "वांगी भाजायला वेळ लागला तर आनंद रद्द का?" प्रश्न रास्त आहे. तळटीप घातली.

२७ नोव्हेंबर, रविवार
जाता आले नाही. माझ्या अनुपस्थितीत अंक कसा काढावा, हे समजावण्यासाठी ऑफिसला जाणे भाग होते. सूचना संपेपर्यंत सायंकाळ झाली. नव्या फोटोकंपोझिंग यंत्रावर पाने लावणारा पुना (माणूस चांगला, उच्चार भयंकर) म्हणाला, "नाना, तुम्ही बिनघोर घरी जा. काई अडत नाई."
बिचारा मला धीर देत होता.

५ डिसेंबर, सोमवार
काल पुन्हा अडकलो. आजचा अंक उघडला आणि संताप झाला. मी लाल शाईने खुणा केलेली एकूण एक चूक जशीच्या तशी छापली आहे! दिवाळीपासून, म्हणजे यंत्र आल्यापासून, हेच चालले आहे. यंत्रास मराठी येत नाही. पुनास खडसावले. "मशीन नवं शे ना, नाना," म्हणाला आणि खाली पाहू लागला. लाज वाटली असावी.
अशा काळात रजा घेणे म्हणजे रणांगण सोडणे.

१८ डिसेंबर, रविवार
विश्रांतीचा सराव घरूनच करावा असे ठरविले. दुपारी जेवून आडवा झालो. डोळे मिटले. कोपऱ्यावरील दुकानाची पाटी दिसू लागली : 'ताजे दुध'. उठलो, दुकानदारास सांगून आलो. तो म्हणाला, "दूध पातळ असेल तर सांगा नाना, पाटीचं काय घेऊन बसलात!" तेथूनच ऑफिस जवळ पडते म्हणून गेलो.
सराव एकंदरीत समाधानकारक.

८ जानेवारी १९८९, रविवार
ऑफिसहून परतलो तो जीवराम वांग्यांची टोपली घेऊन बसलेला. म्हणाला, "पाव्हणे, वांगं काई तुमच्या रजेची वाट पाहून राह्यलं नाई. बी धरलं त्यानं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं भरीत, मग नांगर." मी अंकाची अडचण सांगितली. सौ. आतून म्हणाली, "राहू दे रे जीवराम. उद्या मी मेल्याची बातमी आली, तरी हे आधी काना-मात्रा पाहतील."
जीवराम हसला. ती हसली नाही. हे मला आवडले नाही.
संकल्प, अंतिम : १५ तारीख. बदल नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
शेठजींना तिळगूळ दिला, रजेचे सांगितले. "जरूर जा, नानाजी. दोन दिवस राहा. आठवडाभर राहा," म्हणाले. माझ्यावाचून कसे होणार ही चिंता त्यांनी चेहऱ्यावर मुळीच दिसू दिली नाही. थोर मनुष्य.

१५ जानेवारी, रविवार, सकाळ
सौ. पहिल्याच एस.टी.ने पुढे गेली. जाताना पदराला हात पुसत म्हणाली, "जमलं तर या." मागाहूनच्या गाडीने निघतो. तत्पूर्वी ऑफिसात केवळ डोकावणार.

१५ जानेवारी, सायंकाळ, भादली
आतील पानाचे प्रूफ टेबलावर होते. चुका पुष्कळ. निम्मे तपासले तोच छपाईचे यंत्र सुरू झाले. प्रूफ घेऊन धावलो. "थांबवा!" ओरडलो. छापलेल्या गठ्ठ्यावर तेच पान होते.
पुनाने मला स्टुलावर बसविले. पाणी दिले. म्हणाला, "पान तं सकाळीच गेलं, नाना. हे तुमच्यासाठी येगळं काढतो मी."
केव्हापासून?
"मशीन आलं तवापासून. तुमचं वाचून होईस्तोवर अंकाचे गठ्ठे नेणारी धुळ्याची गाडी चुकायची. शेठ बोलले, नानांना कागद देत जा. घरी बसवलं तर माणूस खचेल."
पेनास टोपण लावले. एस.टी. धरली.
पोहोचलो तेव्हा काड्यांची राख झाली होती. बडजी धुऊन उपडी घातली होती. माणसे शेजारच्या शेतातील केळीच्या सावलीत घोरत होती. "सुटले का पाव्हणे?" जीवरामने एक डोळा उघडून विचारले. सौ.ने केळीच्या पानाखाली झाकलेले भरीत पुढे केले. "आज कसं सोडलं तुम्हाला?"
"सोडले," एवढेच म्हणालो.
भरीत थंड होते. उत्तम होते. पत्रिका खिशातून काढून पाहिली. सर्व बाबी उरकल्या होत्या, आभारप्रदर्शन तेवढे शिल्लक. कोणाचे मानावेत, हे ठरेना.
याचा अर्थ असा की, दिवाळीपासून मी विश्रांतीच घेत होतो. कोणी वेळेवर कळविले असते, तर आनंदही घेतला असता.