बारा व्होल्ट

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

जिभेला हाड नाही त्या माणसाच्या!

काल भाऊबीज. बायकोचा, म्हणजे जयमालाचा, सख्खा भाऊ म्हणून दीपकला पाटावर बसवलं, ओवाळलं, बासुंदी दोनदा वाढली. प्रेरणानं अकोल्याच्या गेमिंग स्पर्धेत जिंकलेला प्रोसेसर मामाला दाखवला. काडेपेटीपेक्षाही लहान चौकट, पण पोरीच्या तोंडावर काय तेज! म्हणाली, आता याच्याभोवती घरीच कॉम्प्युटर उभा करायचा, त्यावर खेळायचं. डबा, रॅम, पॉवर सप्लाय असं बाकीचं सामान तिनं वर्षभर जमवलंय. राहिला मदरबोर्ड. मी एवढंच म्हणालो, "बोर्ड मी पाहतो." तर हा बोटं चाटत म्हणतो — "भाऊजी, तुमचं काम तांब्याचं. हे काम डोक्याचं. तुमी नका पडू याच्यात."

सव्वीस वर्षं मोटारी भरतो आहे मी. वरवट बकालपासून संग्रामपूरपर्यंत कोणत्याही विहिरीवर जा, पाण्यात माझ्या हातची मोटार असेल. जळालेलं तांबं उपसायचं, नवे वेढे घालायचे, वॉर्निश मारून वाळवायचं. माझी मोटार परत येत नाही. हे डोक्याशिवाय होतं का?

दीपक बोलला त्याचं मी पाहून घेईन. पण प्रेरणा हसली. ते लागलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

खरं कारण लिहून ठेवतो. इथं कोण वाचणार आहे?

दोन वर्षं झाली, पोरगी कॉलेज सुटलं की थेट मामाच्या दुकानात. संग्रामपूरला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. अंधार पडता पडता घरी येते आणि जेवताना सुरू — मामा म्हणतात असं, मामा म्हणतात तसं. माझं दुकान घराला लागून आहे, पण तिथं ती चहा द्यायलाच येते. लहान होती तेव्हा वेढे मोजायला बसायची माझ्याजवळ. एकदा घरी मशीन आली की खेळेल तर घरीच, शिकेल तरी घरीच. मग कशाला जाते त्याच्याकडे?

म्हणून बोर्ड मीच निवडणार. दीपकला न विचारता.

२७ ऑक्टोबर

आज "मामा म्हणतात" अकरा वेळा. मोजलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस मोबाइलवर तेच पाहतोय. डोळे चुरचुरतात. या मदरबोर्डवाल्यांनी माणसाला येड्यात काढायचं ठरवलंय. सॉकेट म्हणजे भिंतीवरचं सॉकेट नव्हे, प्रोसेसर बसवायची जागा. ती जुळलीच पाहिजे, एक पिन इकडची तिकडे चालत नाही. बरं, जुळवली. मग रॅम, चौथ्या पिढीची की पाचव्या? एकीची खाच दुसरीला बसत नाही. मग मोठा बोर्ड, मधला, लहान. लाल दिवे, निळे दिवे. लग्नाचा मांडव आहे का तो?

आणि आज कहर. एक पोरगा व्हिडिओत सांगतो, चांगल्या बोर्डाला किमान आठ फेज पाहिजेत. काहींना सोळा! मी फोन खाली ठेवला. आम्ही इथं शेतात तीन फेज यावी म्हणून दिवस दिवस वाट पाहतो, आणि या ताटाएवढ्या पाटीला सोळा फेज!

प्रेरणाला विचारलं. "बाबा, ती फेज वेगळी. प्रोसेसरले करंट वाटून द्याची सोय आहे ते. मामा म्हणतात—"

"मामाचं राहू दे," म्हणालो. ती उठून गेली. पुढचं ऐकायचं राहिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

सापडला!

बोर्डाच्या आत तांब्याचा थर असतो. स्वस्त बोर्डात पातळ, चांगल्यात दुप्पट. खोक्यावरच लिहिलेलं असतं. वरती आठ फेज, सॉकेट जुळतो, रॅम जुळते. प्रेरणाला दाखवला. तिनं फोन हातात घेऊन खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हा लय भारी आहे. कसा काय शोधला तुमी?" दीपक, ऐक. तांबं पाहून शोधला. तुझ्या डोक्याला नाही सुचला तो.

दुपारी पंजाबराव मोटार न्यायला आले. "काय पाहून राह्यला बे मोबाइलात, तुळशीराम?" म्हणालो, मदरबोर्ड. "लाइटीचा?" म्हणालो, कॉम्प्युटरचा. "मंग दीपकले काऊन नाई इचारत? घरचाच तर माणूस आहे." मोटार गाडीवर चढवायला एरवी हात लावतो, आज लावला नाही. पंजाबराव एकटेच झटत बसले.

८ नोव्हेंबर, शनिवार

खामगावला जाऊन बोर्ड आणला. संग्रामपुरात घ्यायचा म्हणजे दीपकच्या कानावर जाणार, म्हणून शेगाववरून बस बदलत गेलो.

काउंटरवर एक पोरगी. समता नाव, गळ्यातल्या पट्टीवर लिहिलेलं. प्रेरणाहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. खोकं माझ्यासमोर फोडलं, प्रोसेसर-रॅम दुकानातली लावली आणि पडद्यावर चित्र आणून दाखवलं. "पाहून घ्या काका, चालू आहे." मग सुरूच झाली — कडेलाच धरजा, मधात बोट लावू नका, लोकरीचा स्वेटर घालून हात लावू नका, बसवल्याबिगर लाइन देऊ नका. वर विचारते, "घरी कोनी जाणकार आहे का बसवाले?"

पुन्हा तेच! मी म्हणालो, "मी आहे." तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. वॉर्निशचे डाग निघत नाहीत, माहीत आहे मला. पण असं पाहायचं?

आणि दुकानात चित्र दिसलं म्हणून मी मानायचं का? पडद्यावर काय, काहीही दाखवता येतं. माल हातात आल्यावर आपण आपल्या पद्धतीनं तपासायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

तपासला.

माझ्या हातून एकही मोटार सिरीज लावल्याशिवाय बाहेर गेलेली नाही. घरातली लाइन शंभरच्या बल्बमधून घ्यायची, पुढे दोन वायरी, दोन टोकं. बल्ब पेटायला नको तिथं पेटला तर मोटारीला बॉडी येते, करंट बाहेरच्या लोखंडात उतरतो, म्हणजे माल खराब. बल्ब खोटं बोलत नाही. मामा बोलू शकतो, काउंटरवरची पोरगी बोलू शकते.

एक टोक स्क्रूच्या भोकावर धरलं, दुसरं पॉवरच्या पिनांवर एकेक करून. बल्ब कुठे लाल, कुठे काहीच नाही. एकदा भक्कन पेटला आणि विझला. टिक् असा बारीक आवाजही आला. नव्या मालात येतो. नंतर सगळीकडे थंड. म्हणजे कुठे बॉडी नाही. माल पास!

वायरी गुंडाळत होतो तेव्हा प्रेरणा चहा घेऊन आली. "काय करून राह्यले बाबा?" म्हणालो, चेक केला, पक्का आहे. ती बल्बाकडे पाहत उभी राहिली. मग बोर्ड उचलून आत घेऊन गेली. चहात साखर नव्हती.

१० नोव्हेंबर, सोमवार

मेलेला बोर्ड दिला त्या पोरीनं.

प्रेरणानं सगळं नीट बसवलं. मी बॅटरी धरून उभा होतो. किती वर्षांनी आम्ही दोघं एका कामावर! तिनं बटण दाबलं. पंखा हलला नाही. पुन्हा दाबलं. वायरी काढून पुन्हा लावल्या. रॅम एकच ठेवून पाहिली. काही नाही. जयमाला दारातून म्हणाली, "दीपकले बोलावू का?" मी म्हणालो, तो या घरात आला तर मी बाहेर जाईन.

प्रेरणा म्हणाली, "राहू द्या बाबा. होते असं." तिला वाईट वाटलं असणार, पण आवाजात काही नव्हतं. मला तर त्या समताच्या गळ्यातला पट्टा ओढावासा वाटतोय. समोर चालू दाखवला, पिशवीत घालताना बदलला. दुसरं काय?

१२ नोव्हेंबर, बुधवार

काम बंद ठेवून खामगावला गेलो. गिऱ्हाइकं होती दुकानात, त्यांच्यासमोरच बोललो. म्हणालो, तुम्ही लुटारू आहात. मेलेला माल खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात बांधता. मालक आतून आला, त्यालाही सोडलं नाही. समताच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे म्हटलं.

पण तिनं नंबर जुळवून दाखवला. खोक्यावरचा, बिलावरचा, बोर्डावरचा एकच. बदललेला नव्हता. मग तिनं भिंग घेऊन बोर्ड फिरवला, एका जागी थांबली. हळूच म्हणाली, "काका, घरी याले काही लावलं व्हतं का?"

"काही नाही."

"मंग कोन्या तरी लाइनीले टच झाला हा. बारा व्होल्टाच्या वर याले काहीच सहन होत नाई. बारा म्हणजे बाराच. हे पाहा, इथं जळला."

तीळभर काळा डाग. मालक म्हणाला, जळालेला माल कंपनी परत घेत नाही. मी म्हणालो, बोर्ड ठेवा तुमच्या डोक्यावर, आणि पिशवी घेऊन निघालो. बोर्ड तिनं पिशवीतच परत ठेवला होता.

१३ नोव्हेंबर

बारा व्होल्ट.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस स्वतःशीच भांडतोय. सिरीज दोनशे तीसची हे खरं, पण मध्ये बल्ब असतो ना! बल्ब करंट अडवतो. अडवतो, पण टोकावर दाब तेवढाच उभा असतो. हे मी नवीन पोरांना स्वतः सांगतो — टोकाला हात लावू नका, बल्ब आहे म्हणून वाचणार नाही. माणसाला सांगतो. बोर्डाला लावलं.

तो टिक् आवाज. भक्कन पेटून विझलेला बल्ब. मीच मारला. माझ्या पोरीचा बोर्ड मी माझ्या हातानं मारला आणि दुसऱ्याच्या पोरीला दुकानभर लोकांसमोर रडवलं.

हे इथं लिहिलं, इथंच राहील. दीपकला कळलं तर जन्मभर पुरेल त्याला. संग्रामपूरच्या बाजारात प्रत्येक चहाच्या गाडीवर सांगेल — तुळशीराम मोटारवाला मदरबोर्डाले सिरीज लावते! मग कोण माझ्याकडे मोटार टाकेल?

१६ नोव्हेंबर, रविवार

जयमालानं मला न विचारता दीपकला बोलावलं. मी बाहेर गेलो नाही. बसून राहिलो.

त्यानं बोर्ड उजेडात धरला, वास घेतला, काळ्या डागावर नख फिरवलं. मिनिटही लागलं नाही. म्हणाला, "याले दोनशे तीस देल्ले कोनं तरी. कोन्या येड्यानं सिरीज लावली याले?" आणि माझ्याकडे पाहून हसायला लागला. त्या हसण्याचीच मी तीन आठवडे वाट पाहत होतो बहुतेक.

"मी लावली, मामा," प्रेरणा म्हणाली.

दीपकचं हसू गेलं. "तू?"

"हाव. बाबाचं पाहून पाहून. वाटलं, चेक करून घ्याव."

काय काय बोलला तिला! दोन वर्षं शिकोलं तुले, वाया गेलं. बारा व्होल्ट अन दोनशे तीस समजत नाई तुले? उद्या गिऱ्हाइकाच्या मशीनीले लावशीन, माझं दुकान उठवशीन. आणि शेवटी — "राहू दे. उद्यापासून दुकानात नको येऊ तू." ती मान खाली घालून ऐकत होती. एक शब्द उलटला नाही तिनं, एरवी मला दहा उलटते.

निघताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊजी, तुमचा काही दोष नाई. मी उगाच बोललो भाऊबीजेले." माफी मागितली त्यानं! आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "चहा घेऊन जा."

तो गेल्यावर तिच्याजवळ गेलो. ती जिंकलेला प्रोसेसर त्याच्या डबीत परत ठेवत होती. म्हणालो, काऊन केलं असं? ती वर न पाहता म्हणाली, "तुमचं नाव खराब झालं असतं, बाबा. मामा बाजारभर सांगतात. माझं काय, मी तर अजून शिकूनच राह्यली व्हती."

"व्हती" म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेज सुटल्यावर प्रेरणा सरळ घरी आली. आज "मामा म्हणतात" एकदाही नाही. मोजलं.