तुझा गळा आणि एक कप आइस्क्रीम

प्रिय भार्गवी,

तू फोनवर तीनदा बजावलं होतंस, बाबा, पंधरा जूनला मृण्मयीची गाण्याची स्पर्धा आहे, तिला थंड काही देऊ नका. मी हो हो म्हणालो होतो. लेक तुझी आमच्याकडे येऊन आज बावीस दिवस झाले, आणि उज्जैनमधली आइस्क्रीमची सात दुकानं आम्ही दोघांनी पालथी घातली आहेत. रागाव, पण रागाच्या भरात पत्र अर्ध्यावर टाकू नकोस. तिचा आवाज कसा आहे ते आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आज सकाळी साडेसहाला अंगणात उभी राहून गायली, तर वरचा सा असा लागला की शेजारच्या शर्माजींनी गच्चीवरून विचारलं, "बाबूजी, रेडियो लगाया क्या?"

सुरुवात टावर चौकात झाली. चष्म्याची काडी बदलायला तिला घेऊन गेलो होतो. उन्हानं तोंड सुकलं, समोरच आइस्क्रीमचं दुकान दिसलं, म्हणून आत शिरलो. मागे वळून पाहतो तर पोरगी पायरीवरच उभी. दोन्ही हात गळ्याभोवती, जणू दुकानातून काहीतरी झेप घेऊन तिचा गळा धरणार आहे. म्हणाली, "तुम्ही खा आबा, मी इथंच थांबते. आईचा आवाज एका कप आइस्क्रीमनं गेला, ठाऊक आहे ना तुम्हाला?" दुकानदार हसायला लागला, "बाबूजी, बिटिया आइस्क्रीम से डरती है?" मला हसू आलं नाही. सीताफळाचा कप घेतला, दोन चमचे कसेबसे गिळले, बाकीचा समोर वितळत गेला. नऊ वर्षांच्या पोरीनं कुत्र्याला भ्यावं, अंधाराला भ्यावं, गणिताच्या पेपराला भ्यावं. आइस्क्रीमला भ्यायचं?

त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी बाहेर पडू लागलो. बळजबरी केली नाही हो, शपथेवर सांगतो. देवास गेटजवळच्या जुन्या दुकानात मी रबडीचं आइस्क्रीम खाल्लं आणि तिनं घरून आणलेलं कोमट पाणी प्यायलं. मी किती चमचे खातो ते मोजत होती. दुसऱ्या दिवशी मला लवकर उठवून म्हणाली, "आता म्हणून दाखवा." मी शाळेतली एक कविता चालीवर म्हटली. तुला माहीतच आहे, बँकेत जन्म गेला तरी पाठ्यपुस्तकातल्या कवितांनी मला काही सोडलं नाही. पेन्शनच्या रांगेतही ओठ हलत असतात. डोळे मिटले की अजून खडूचा वास येतो, चाळीस पोरं एका चालीत डुलताना दिसतात, आणि खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप मास्तरांच्या टोपीवर बसलेली असते. तर मी आख्खी कविता म्हटली. मृण्मयीनं माझ्या तोंडात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, "तुमचा गळा आधीच बसलेला आहे आबा. तुमच्यावरून काही कळत नाही."

मग आली ती फ्रीगंजमधली नवी जिलाटोची, म्हणजे इटालियन आइस्क्रीमची, जागा. काचेमागे रंगांचे नुसते डोंगर. काउंटरवरच्या मुलीनं न विचारताच एक इवलासा चमचा पुढे केला, "चख लो बेटा, चखने में क्या जाता है?" मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं. मी आपला छताकडे पाहत राहिलो. तिनं चमचा जिभेवर ठेवला, डोळे घट्ट मिटले, गिळलं, आणि भर दुकानात खणखणीत सा लावला. माणसं खाता खाता थांबली. आवाज शाबूत आहे हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ना भार्गवी, त्याला मला शब्द सापडत नाही. काउंटरवरची मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "वाह! एक और फ्लेवर, एक और सुर!" मग पिस्त्यावर रे, आंब्यावर ग, जांभळावर म. सातव्या चमच्यापर्यंत दुकानातली सगळी गिऱ्हाइकं तिच्याबरोबर वर चढत होती. एक जाडजूड गृहस्थ तर 'नी'वर असे घसरले की त्यांच्या बायकोनं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

पुढं काही विचारू नकोस. तुझ्या आईला चादरी हव्या होत्या म्हणून भैरवगढला गेलो, तिथं कापडावर ठसे मारणारे कारागीर रंगल्या हातांनी कडुनिंबाखाली कुल्फी खात होते, त्यांच्यात बसून तिनं आयुष्यातली पहिली आख्खी कुल्फी संपवली. तुझी आई रोज टोमणे मारते, "पोरीचा गळा बसला तर फ्रॉक घालून तुम्हीच जा त्या स्पर्धेला." पण सकाळी गाणं सुरू झालं की स्वयंपाकघरातलं भांडं वाजू देत नाही.

तुझा एक कप मला त्या पायरीवरच आठवला होता. सहाव्या वर्षापासून मी तुला बर्फ म्हणून शिवू दिला नाही. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला तू आपला कप निमूटपणे पुढच्याला द्यायचीस, आणि मी लोकांना अभिमानानं सांगायचो, गाणाऱ्या पोरीचा संयम बघा. अकरा वर्षांची होतीस. इथल्या मराठी मंडळाच्या कवितागायन स्पर्धेच्या आदल्या दिवशी विजयामावशीकडे मुंज होती, तिथं तू तो एक कप खाल्लास आणि रात्री स्वतःच येऊन मला सांगितलंस. दुसऱ्या दिवशी मंचावर दुसऱ्या कडव्यात तुझा आवाज चिरकला, मग फुटेचना. आणि मी, खाली उतरल्यावर, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "खा अजून आइस्क्रीम." त्यानंतर तू गायली नाहीस. स्वयंपाक करताना गुणगुणलेलंही मी कधी ऐकलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मी तुला गळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून त्यांनी तुला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "बच्ची से रोज़ कितने घंटे गवाते हो?" मी म्हणालो, महिनाभर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. ते म्हणाले, आइस्क्रीमचं नाव घेऊ नका, गळा तुम्ही थकवलाय, आठ दिवस मौन. बाहेर येऊन मी तुला सांगितलं, डॉक्टर म्हणाले थंड खाल्ल्यानं झालं. बत्तीस वर्षं तू ते खरं धरलंस आणि आता मृण्मयीनंही धरलंय. आज दुपारी तुझ्या आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून एवढंच म्हणाली, "फोनवर सांगू नका. फोनवर ती तुम्हालाच सांभाळून घेईल." मृण्मयीला मी काही सांगितलेलं नाही, ही गोष्ट आधी तुझी आहे. त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती, पोरी. डॉक्टरांची चिठ्ठी मी टाकली नव्हती, ती सोबत पाठवतो आहे. अक्षर पुसट झालंय, पण 'आठ दिन आवाज़ को आराम' एवढं वाचता येतं. मागच्या बाजूला माझं अक्षर आहे. त्याच संध्याकाळी मी तिथं नवव्या दिवसापासूनच्या तुझ्या सरावाचे तास लिहिले होते. तेही वाच.

तुझाच, पण तुझा अपराधी,
बाबा