सही मिळेपर्यंत

८ जुलै, मंगळवार

अजून दोन आठवडे! डॉ. शेफाली इतक्या शांतपणे म्हणाल्या, जणू गिरणीतून दळण उशिरा मिळणार आहे. "राजनंदिनी, डोक्याला मार आहे. हाड नाही, एक्स-रेत जुळलेलं दिसायला."

सात आठवडे झाले ट्रॅकच्या भिंतीवर आदळून. मागच्या गाडीने ठोकलं, चूक त्याची, आणि नारायण पेठेतल्या दवाखान्यात नंबर लावून बसायचं मी! तिकडे मेलबर्नला आमच्या टीमच्या मॅनेजरला, डॅनियलला घाई. २५ तारखेपर्यंत डॉक्टरांचा दाखला आला नाही तर ऑगस्टची शर्यत क्लोई चालवणार. राखीव ड्रायव्हर. वर लिहितो, विश्रांती घे.

विश्रांती! पहिलं वर्षभर मी तिथे टायरला चिकटलेलं रबर खरवडलं. दुसऱ्या वर्षी कुणीतरी आजारी पडलं म्हणून गाडीत बसायला मिळालं. यंदा, चौथ्या वर्षी, गुणांत तिसरी आहे. होते.

११ जुलै, शुक्रवार

आप्पांनी सत्कार ठेवला. विचारलंसुद्धा नाही! "भावकीतले म्हणत होते, पोरगी आलीच हाय तर." वडिलांपुढे काय बोलणार?

फलकावर – 'ऑस्ट्रेलियात गाडी चालवणारी हिंजवडीची कन्या.' म्हणजे तिकडे टॅक्सी चालवते मी! शाल, नारळ, फेटा. फेट्याने डोकं ठणकलं. प्रमुख पाहुणे – "मुलींनी गाडी जरूर चालवावी. पण सावकाश." टाळ्या!! आप्पांनीही वाजवल्या.

१२ जुलै, शनिवार

विक्रम किल्ली देत नाही. म्हणे, "ताई, हा हिंजवडीचा ट्रॅफिक हाय, रेस न्हाय." धाकटा भाऊ! वाकड पुलापासून घरापर्यंत पन्नास मिनिटं, क्लचवर पाय ठेवून. मी खिडकीबाहेर बघत बसले. नाहीतर खून झाला असता.

१७ जुलै, गुरुवार

द्वारकाआत्या कात्रजहून आल्या. मोबाइलवर माझी शर्यत दाखवली. अख्खी वीस मिनिटं लक्ष देऊन बघितली त्यांनी. मग – "गोल गोल फिरून परत तिथंच येती व्हय गं?"

हो म्हटलं.

"मग एवढी घाई कशापायी?"

आई पदरात तोंड लपवून हसत होती. मला नाही हसू आलं. तिथे शेवटच्या फेरीत पुढच्याच्या मागे एका हाताच्या अंतरावर गाडी असते, तो ब्रेक कधी मारणार ते त्याच्या आधी कळावं लागतं, आणि ते मला कळतं! कुणाला सांगू हे? क्लोईने काल माझ्या गाडीत सराव केला. वेळही चांगली दिली. "गाडी फारच छान आहे," असा तिचा मेसेज. माहीत आहे मला! मीच जुळवून घेतली आहे ती, एकेक स्क्रू सांगून.

२३ जुलै, बुधवार

मिळाला दाखला!

तासभर तपासलं. एका पायावर उभं केलं, आकडे उलटे म्हणायला लावले, बोट डोळ्यांपुढून फिरवलं. शेफालीताई सही करताना थांबल्या. "काही वेगळं वाटलं तर आधी मला फोन. लपवायचं नाही." हो, हो, हो! कागद ओढून घ्यायचाच बाकी होता.

डॅनियलचं लगेच उत्तर – मंगळवारचं विमान पकड. आप्पा बातमी सांगायला चप्पल न घालताच बाहेर पडले. आईने हेल्मेटची पिशवी उन्हात टाकली. घाण वास येतो म्हणे. येतोच.

२७ जुलै, रविवार

सकाळी रस्ते मोकळे, म्हणून विक्रमने आपण होऊन किल्ली दिली. माण गावाच्या वळणावर डावीकडून एक मोटारसायकल आली. मला दिसलीच नाही. विक्रमने ओरडून स्टिअरिंग ओढलं म्हणून तो माणूस वाचला.

"ताई, अगं समोर होता की!"

नव्हता. माझ्यासाठी तिथे फक्त रस्ता होता.

कडेला गाडी लावून दोघं बसलो. विक्रम म्हणाला, "मी घरी कुणाला बोलणार न्हाय." तो बोलला नसताच. दाखल्यावर सही आहेच.

दुपारी आधी शेफालीताईंना फोन केला. मग डॅनियलला. गाडी क्लोईला दे म्हटलं.